जरा पाठ टेकते

दुपारी अडीचच्या सुमाराला आई ओटा पुसायची, फडकं पिळून खिडकीच्या गजावर टाकायची आणि म्हणायची, ‘‘जरा पाठ टेकते गं.’’ मी घरात असले तर मला सांगायची, नसले तर भिंतीला. वडील रविवारी ‘झोपतो’ म्हणत, आजोबांची रोज वामकुक्षी असे. आईच्या तोंडून ‘झोपते’ हा शब्द मी दुपारी कधी ऐकला नाही. ती पाठ टेकायची, आणि तीही जरा. खाली चटई, उशाला स्वतःचाच हात, डोळ्यांवर पदर. साडेतीनला नळाला पाणी यायचं. नळाने पहिली फुसफुस केली की ती उठून बसलेली असायची, पाण्याच्याही आधी. पाठ टेकलेली असे, पण कान कधी टेकत नसत.

पुढे पंचेचाळिशीत मी स्वतः अशी दमले, की सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसलं की तिथेच अर्धा तास जाई. झोप झालेली असे, पण उठताना अंगात काही नसे. नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, मुलाची दहावी, सगळं पार पडलं होतं. पार पडल्यावरच मी पडले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ‘‘आता विश्रांती घ्या.’’ गोळी कधी घ्यायची ते कागदावर लिहिलेलं होतं. विश्रांती कधी, कुठे आणि कशी घ्यायची ते नव्हतं. दमलेल्या बाईला आजवर कोणी कोणी, कुठे कुठे, कशी विश्रांती घ्यायला लावली, याचा माग मी तेव्हापासून काढते आहे.

सुरुवात आपल्या शब्दांपासून करावी लागते. मराठीत अंग मोडून येतं, जीव मेटाकुटीला येतो, माणूस गळून जातो, अंगात त्राण राहत नाही. पण मला सर्वांत नेमका वाटतो तो ‘शीण’. शीण चढतो आणि शीण उतरतो. चढतो-उतरतो म्हणजे तो ओझ्यासारखा आहे. लाकडाचा भारा किंवा भरलेली घागर डोक्यावर असलेल्या बाईला विचारा: भारा उतरवायला दुसऱ्याचा हात लागतो. एकटीने उतरवायला गेलं तर मान लचकते. इंग्रजीतला ‘बर्नआउट’ जळून विझण्याचा शब्द आहे; विझलेल्याचं पुढे काय करायचं ते तो सांगत नाही. आपल्या शब्दात निदान हाताची गरज आहे.

हा हात आपल्याकडे परंपरेने यायचा तो माहेरून. सणाच्या आधी भाऊ बहिणीला न्यायला यायचा, त्याला ‘मूळ येणं’ म्हणत आणि त्या भावाला मुराळी. मूळ आलं तरी सासूने ‘जा’ म्हटल्याशिवाय निघता येत नसे. म्हणजे विश्रांतीला दोन माणसं लागत, एक न्यायला येणारं आणि एक सोडणारं. पहाटे जात्यावर बसून बायकांनी ज्या ओव्या गायल्या, त्यांत माहेर, भाऊ आणि मुराळ्याची वाट पाहणं किती वेळा येतं! हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना मला जाणवतं ते असं, की ज्या बाईला माहेरपण वारंवार मिळतं ती त्याच्यावर इतकं गात बसणार नाही. हा साठा मिळालेल्या विसाव्यापेक्षा मागितलेल्या विसाव्याचा जास्त आहे.

काही विसावा मात्र देवाच्या नावाने पक्का केलेला होता. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून त्या दिवशी वाफवलेली दिंडं. कारण नागाला इजा होऊ नये हे. परिणाम असा, की विळी, तवा आणि कढई एक दिवस भिंतीला टेकलेली, आणि बायका झाडाला बांधलेल्या झोक्यावर. श्रावणातच मंगळागौर, नव्या सुना रात्र जागवून झिम्मा-फुगडी खेळायच्या. दिवसभर राबलेल्या मुली रात्रभर नाचून ताज्यातवान्या कशा व्हायच्या, हे लहानपणी मला कोडं होतं. त्याकडे पुढे येतेच.

बाळंतिणीला सव्वा महिना. अंधारी खोली, तेल लावणं, शेक, धुरी, अळीव, डिंकाचे लाडू. कोणी तिला पाणी भर म्हणायचं नाही. महिन्याचे तीन दिवस ‘बाजूला’ बसणंही बऱ्याच घरांत होतं, आणि आजही काही बायका म्हणतात, तेवढीच विश्रांती मिळायची. मला हे म्हणणं सोसत नाही. अपवित्र ठरवून कोपऱ्यात बसवणं आणि दमलीस म्हणून पाठ टेकायला सांगणं यात फरक आहे. ज्या घरात बाईला विश्रांती मिळण्यासाठी अशुद्ध व्हावं लागतं, त्या घराचा हिशेब कुठेतरी चुकलेला आहे. आणि माहेरपणाबद्दलही एक गोष्ट बोलायची राहते. नणंदेचं माहेरपण भावजयीच्या हातांवर चालायचं. एकीची पाठ टेकायची तेव्हा दुसरी तिच्या वाटचं पीठ मळत असायची. शिवाय हे सगळं ज्यांच्या माहेरी भाकरी होती त्यांच्यापुरतं. विधवेला, मोलकरणीला, दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारीला कोण मूळ धाडणार?

इथून हा माग मला फिलाडेल्फियाला घेऊन गेला, आणि तो नेला आपल्या आनंदीबाईंनी. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. वयाच्या चौदाव्या वर्षी पहिलं मूल जन्मून दहा दिवसांत गेलं होतं. परक्या देशातली थंडी, न मानवणारं अन्न, अभ्यास. तब्येत खालावत गेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय बावीसही पूर्ण नव्हतं.

ज्या शहरातून त्या परतल्या होत्या त्याच फिलाडेल्फियात, त्याच १८८७ सालच्या वसंतात, सव्वीस वर्षांची एक बाई आगगाडीने येऊन उतरली. शार्लट पर्किन्स गिलमन. तेव्हाचं आडनाव स्टेट्सन. लग्न १८८४ ला, मुलगी १८८५ ला, आणि त्यानंतर अंगातली सगळी उमेद संपलेली. ती आली होती डॉक्टर सायलस विअर मिचेल यांच्याकडे. दमलेल्या बायकांवर उपचार करणारा त्यांच्याइतका नावाजलेला डॉक्टर तेव्हा अमेरिकेत नव्हता.

मिचेल यांचा उपचार जन्मला होता रणांगणावर. अमेरिकेच्या यादवी युद्धात नसांना इजा झालेले सैनिक त्यांनी फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात सांभाळले, आणि पूर्ण आराम व पोसणारं अन्न यांनी माणसं सुधारतात हे पाहिलं. तेच त्यांनी पुढे बायकांवर वापरलं. १८७७ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, नाव ‘फॅट अँड ब्लड’, चरबी आणि रक्त. सहा ते आठ आठवडे बिछान्यात. सुरुवातीला फक्त दूध, मग भरपूर खाणं. अंग चोळायला परिचारिका, स्नायूंना विजेचे सौम्य झटके. घरचं माणूस भेटायला नाही, पत्र नाही, वाचन नाही, शिवणटिपण नाही. काही दिवस तर बसून हाताने जेवायचंही नाही, परिचारिका भरवणार.

या उपचाराला नुसतं वाईट म्हणून मला पुढे जाता येत नाही. फिकट, खंगलेली बाई मुळात नीट जेवलेली नसते, हे या डॉक्टरने ओळखलं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांतल्या ५७ जणींना रक्तक्षय आढळला. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईचा शीण मनाचा की रक्ताचा, हे आधी रक्त तपासून पाहायलाच हवं, थायरॉइडही. मिचेलनी आणखी एक गोष्ट बरोबर केली: बाईला घरातून उचललं. जिथे तिला सतत हाक मारली जाते तिथे तिला विश्रांती मिळणार नाही, एवढं त्यांना समजलं होतं.

पण त्यांनी लेखणी काढून घेतली. त्या काळच्या वैद्यकात ते सरळसोट बसत होतं. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ पासून ‘न्यूरस्थेनिया’ म्हणजे नसांची दुर्बलता हा आजार लोकांपुढे मांडला होता. १८८१ च्या पुस्तकात त्यांनी आधुनिक काळातल्या या थकव्याची पाच कारणं दिली: वाफेची शक्ती, वर्तमानपत्रं-मासिकं, तारायंत्र, विज्ञान, आणि बायकांनी डोकं चालवणं. हार्वर्डच्या एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये मुलींना उच्च शिक्षण दिलं तर त्यांचं शरीर बिघडतं असं पुस्तकच लिहिलं. पुरुष दमला की औषध वेगळं. ओवेन विस्टर हा तरुण खचला तेव्हा मिचेलनी त्याला १८८५ मध्ये पश्चिमेकडे वायोमिंगला धाडलं. मोकळी हवा, घोडा, शिकार. तिथलं पाहिलेलं त्याने लिहिलं आणि तो कादंबरीकार झाला. त्याला माळरान मिळालं, बाईला खाट.

गिलमनने येण्यापूर्वी आपल्या आजाराची सगळी हकिगत सविस्तर लिहून डॉक्टरांना पाठवली होती. स्वतःबद्दल एवढं लिहिणं हे त्यांना अहंकाराचं लक्षण वाटलं. महिनाभराने तिला घरी धाडताना त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: होईल तितकं घरगुती राहा, मूल सतत जवळ ठेव, डोक्याचं काम दिवसातून फार तर दोन तास, आणि लेखणी, कुंचला, पेन्सिल जन्मात हातात धरू नकोस. तिने ते काही महिने पाळलं आणि ती वेडाच्या कडेला गेली. पुढे ती नवऱ्यापासून वेगळी झाली, १८८८ मध्ये मुलीला घेऊन कॅलिफोर्नियाला गेली आणि लिहू लागली. बंद खोलीत विश्रांतीला ठेवलेल्या बाईची तिची कथा, ‘द यलो वॉलपेपर’, जानेवारी १८९२ मध्ये छापून आली.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो आधीचा एक प्रसंग. मिचेलकडे जाण्याच्या वर्षभर आधीच्या हिवाळ्यात गिलमन एकटी प्रवासाला निघाली होती, पासाडेनाला स्नेह्यांकडे. आत्मचरित्रात ती सांगते की गाडी हलताच तिला बरं वाटायला लागलं. तिथे ती हसली, खेळली, नाटकात रमली. परत घरी पाऊल टाकलं आणि पुन्हा कोसळली. म्हणजे औषध तिला सापडलेलं होतं. तिच्या भाषेत ‘माहेर’ हा शब्द नव्हता, इतकंच.

फिलाडेल्फियाच्या, आनंदीबाईंच्याच महाविद्यालयातून, त्यांच्या बावीस वर्षं आधी, १८६४ मध्ये, मेरी पटनम जेकोबी डॉक्टर झाल्या होत्या. क्लार्कना उत्तर द्यायचं म्हणून त्यांनी पाळीच्या काळात बाईला विश्रांतीची गरज असते का, हा प्रश्न घेतला. हजार प्रश्नावल्या पाठवल्या, २६८ जणींची उत्तरं आली. नाडीचे आलेख काढले, स्नायूंची ताकद मोजली. निष्कर्ष असा की बाई नीट खाती-पिती असेल तर पाळीमुळे तिला कामातून काढून बसवण्याचं काही कारण नाही. १८७६ मध्ये हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक या निबंधाला मिळालं. बाईला काय झेपतं हे बाईला विचारून ठरवायचं, हे मला त्यातलं मोठं काम वाटतं.

आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला गिलमनचा थकवा पुन्हा उसळला तेव्हा ती याच जेकोबींकडे गेली. जेकोबींनी तिला झोपवलं नाही. लहान मुलांचे लाकडी ठोकळे दिले आणि थोडा वेळ रचायला सांगितलं. मग हळूहळू जड वाचन, पेशींवरचं एक शास्त्रीय पुस्तक. थोडंथोडं, बेताबेताने, जमेल तेवढं. दमलेल्या मेंदूला मोडलेल्या पायासारखं पुन्हा चालायला शिकवणं. मिचेल सगळ्यांना ठाऊक आहेत, जेकोबींच्या ठोकळ्यांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मी मात्र माझ्या आजारपणात त्या ठोकळ्यांचा खूप विचार केला. रोज आठ ओळी विणकाम, एक पान वाचन, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालणं. जमलं की थांबायचं, दमेपर्यंत जायचं नाही.

विसावा घरच्यांच्या मर्जीवर न सोडता हक्काने मागण्याची गोष्ट मुंबईच्या गिरण्यांत सुरू झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन बायकाही बोलल्या. त्यांचं भाषण आज आपल्या हाती असतं तर मी ते शाळेच्या पुस्तकात घालायला लावलं असतं. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्याने बायकांचं काम दिवसाला ११ तासांवर आणलं, मध्ये दीड तासाची सुट्टी.

गिरणीचा भोंगा रविवारी बंद झाला. चूल कुठे बंद झाली? रविवार म्हणजे सगळे घरात, सगळ्यांच्या अंघोळी निवांत, मटण किंवा पुरण, आठवड्याचं धुणं. आठवड्यातला सगळ्यांत लांब दिवस बाईच्या वाट्याला सुट्टीच्या नावाने आला.

बाळंतपणाची विश्रांतीही कायद्यात आली ती आधी इथेच. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार काही अंशी सरकारनेही उचलायला हवा. १९२९ मध्ये कायदा झाला. १९६१ च्या देशव्यापी कायद्यात १२ आठवडे होते, २०१७ मध्ये २६ झाले. सव्वा महिना सासर-माहेरच्या हातातून निघून कागदावर उतरला. पण पगारपत्रकावर नाव असलेल्या बाईपुरताच.

बाळंतपण नाही, आजार नाही, नोकरीही नाही, पण आई म्हणून दमली. अशा बाईला कोणी विसावा दिला आहे का, हे शोधत गेले तेव्हा जर्मनी सापडला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे नवरा गमावलेल्या, घरदार सोडून आलेल्या, विटा उचलून शहर साफ करणाऱ्या बायका होत्या. पश्चिम जर्मनीच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एली होयस-क्नाप यांनी ३१ जानेवारी १९५० रोजी ‘म्युटरगेनेझुंग्सवेर्क’ ही संस्था स्थापन केली. आयांना पुन्हा उभं करण्याचं काम, असा तिच्या नावाचा अर्थ. दमलेल्या आईला काही आठवडे घरापासून दूर, डोंगरात किंवा समुद्रकाठी पाठवायचं. तयार जेवण, औषधपाणी, चालणं, इतर आयांशी बोलणं. एली १९५२ मध्येच गेल्या, संस्था अजून चालू आहे. हवं तर मुलांना सोबत न्यायची सोय पुढे झाली, आणि २००७ पासून ही साधारण तीन आठवड्यांची विश्रांती आरोग्यविम्याने द्यायलाच हवी असं ठरलं. डॉक्टर चिठ्ठी देतो, विमा खर्च उचलतो. मुराळी म्हणून सरकार येतं, असं म्हणायला हरकत नाही. अन् घरी तिच्या जागी कोण, हा भावजयीचा प्रश्नही तिथे विचारला जातो. तिच्या पाठीमागे घर सांभाळायला माणूस मिळण्याची तरतूद आहे.

मग ‘बर्नआउट’ आला. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे नाझींपासून लहानपणी जीव वाचवून न्यूयॉर्कला पोचलेले मानसतज्ज्ञ. दिवसभर आपले रुग्ण, रात्री गरिबांसाठीचा मोफत दवाखाना. तिथल्या सेवाभावी माणसांचं आणि स्वतःचं विझत जाणं त्यांनी १९७४ च्या लेखात मांडलं. शब्द उचलला तो तिथे येणाऱ्या व्यसनाधीन तरुणांच्या बोलीतून. १९८५ मध्ये त्यांनी गेल नॉर्थ यांच्यासह खास बायकांच्या बर्नआउटवर पुस्तक लिहिलं. चारच वर्षांनी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी नोकरीवरून आल्यावरच्या घरकामाला ‘दुसरी पाळी’ म्हटलं आणि हिशेब मांडला की नवऱ्याच्या तुलनेत बायको वर्षाला महिनाभर, तोही चोवीस तासांच्या दिवसांचा महिना, जास्त राबते.

मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या नव्याने केली, आणि तिच्यात स्पष्ट म्हटलं की हा शब्द नोकरी-व्यवसायाच्या संदर्भातच वापरायचा, आयुष्याच्या इतर भागांना लावायचा नाही. कारणं शास्त्रीय असतील. मला ते वाचून चटईवरची आई आठवली. तिला बर्नआउट होणं व्याख्येनेच अशक्य होतं. याच प्रश्नावर बेल्जियमच्या इसाबेल रोस्कम आणि मोइरा मिकोलायचाक यांनी काम केलं आणि आईबापपणातल्या थकव्याचा अभ्यास ४२ देशांत नेला, ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

बाजाराने मधल्या काळात स्वतःचं निदान काढलं. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाच्या तीन अवस्था मांडल्या होत्या, शेवटची शक्तिपाताची. त्यावरून ‘अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमतात’ अशी कल्पना पसरली, आणि त्या ग्रंथींना पोसणाऱ्या गोळ्या-पुड्याही. २०१६ मध्ये ५८ अभ्यास तपासून संशोधकांनी सांगितलं की असा आजार असल्याचा पुरावा नाही. दमलेल्या बाईने आधीच कमी असलेले पैसे त्या डब्यांवर घालू नयेत, एवढं मी इथे कळकळीने लिहिते.

स्वीडनने मात्र या थकव्याला मान्यता दिली. २००५ मध्ये दीर्घ ताणातून येणारा शक्तिपात हे तिथे अधिकृत निदान झालं. त्यात बायकाच जास्त आढळतात. स्टॉकहोमच्या मानसोपचारतज्ज्ञ मारी ओसबर्ग यांनी या उताराचं चित्र नरसाळ्याचं काढलं आहे. वर रुंद तोंड: काम, घर, मैत्रिणी, गाणं, बाग, फिरणं. ताण वाढला की माणूस ‘बिनमहत्त्वाचं’ सोडू लागतं. आधी गाणं जातं, मग मैत्रिणी, मग संध्याकाळचं फिरणं. नरसाळं निमुळतं होतं आणि तळाशी फक्त काम उरतं, आणि पोषण देणारं सगळं आधीच टाकून दिलेलं असतं. सर्वांत कर्तव्यदक्ष माणसं सर्वांत खोल जातात. मी या चित्रापाशी बराच वेळ थांबले. माझं पहिलं काय सुटलं होतं? मंगळवारचा भजनाचा तास. त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हा ती मला केवळ वेळेची बचत वाटली होती.

ताकद कशाने परत येते, हे साबिने सोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार अनुभवांत मांडलं: कामातून मन सुटणं, अंग सैल होणं, नवं काही जमल्याचा आनंद, आणि आपल्या वेळेवर आपली सत्ता. मंगळागौरीचं कोडं मला इथे उलगडलं. रात्रभर फुगडी घालणाऱ्या मुलीचं अंग सैल होत नव्हतं, पण पिंगा जमत होता, आणि त्या रात्री तिला कोणी ‘अगं, इकडे ये’ म्हणत नव्हतं. मिचेलच्या खाटेवर अंग सैल होत असेल; बाकी तिन्ही नव्हती. मन सुटणं हा मात्र सगळ्यांत अवघड भाग. ते म्हणजे कानाची सुटका. दूध उतू जाईल का, पोर रडेल का, नळाला पाणी येईल का, याची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी खरोखर घेतलेली असली, तरच कान झोपतात. मी झोपले तरी काही बिघडणार नाही, हे बाईला पटवून चालत नाही. ते बिघडत नाही असं तिला दिसावं लागतं, आठवडेच्या आठवडे.

आणि हे सगळं लिहिताना बीडकडे पाठ करता येत नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल आधी घेतलेली असते. एक दिवस न गेलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळी, पोटदुखी, गर्भपात, काहीही असो. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत या जिल्ह्यातल्या १३ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली. तीन दिवसांचा विसावा परवडत नाही म्हणून अवयव काढून टाकण्यापर्यंत पोचलेल्या या बायकांच्या पुढे ‘विश्रांती घ्या’ हे शब्द मी उच्चारू शकत नाही. जेकोबींची अट होती ती नीट खात्यापित्या बाईची. उसाच्या फडात ती अट कोण पुरी करणार?

२०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज २८९ मिनिटं गेली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी कमी झाली. मधलं अंतर जवळजवळ होतं तिथेच आहे.

गेल्या श्रावणात मामा गाडी घेऊन आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला न्यायला, पंच्याहत्तर वर्षांचा भाऊ. बाबा आता नाहीत, ‘जा’ म्हणायला घरात मीच होते. चार दिवसांनी मी तिला भेटायला गेले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. ती ओसरीवरच्या पलंगावर उशी घेऊन झोपली होती, उताणी, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात अंगापासून सुटलेले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी सवयीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दुसरी झाली, तिसरी झाली. मामी शेजारच्या खोलीत पोथी वाचत बसली होती, तिनेही मान वर केली नाही. मामा गुडघ्यावर हात देऊन उठला, आत गेला आणि त्याने गॅस बंद केला.